एका तांबड्या समुद्रशैवलाचे नाव
(समुद्रशैवलांविषयीच्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळ्याच्या दिवसांत चायना ग्रास दुधात शिजवून, ते थंड करून त्याच्या वड्या पाडण्याची पद्धत आपल्याकडील अनेक घरांत आहे. ज्या वस्तूमुळे हे दूध थिजते, ती वस्तू गवत नव्हे आणि ती केवळ चीनमधूनच येते असेही नाही. ती आहे अगार. समुद्रातील काही तांबड्या शैवलांच्या पेशीभित्तिकांतून हा पदार्थ काढला जातो. रोगजंतूंची वाढ करण्यासाठी प्रयोगशाळेत जे घट्ट माध्यम वापरतात, तेही याच अगारचे. अगारचा एक जवळचा नातलग आहे. त्याचे नाव कॅराजीनन. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, चॉकलेटच्या दुधात कोकोची भुकटी तळाशी बसू नये, टूथपेस्टचा लगदा नळीतून सलग बाहेर यावा, यासाठी कॅराजीननचा उपयोग होतो. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील एका तांबड्या शैवलाच्या आयरिश नावावरून हा शब्द बनला. आज मात्र जगाला लागणारे बहुतेक कॅराजीनन उष्ण कटिबंधातील समुद्रांतून येते, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा एका शैवलाचा आहे. त्या शैवलाचे शास्त्रीय नाव कॅप्पाफायकस अल्वारेझी.

हे नाव निश्चित होण्यास बराच काळ लागला. फिलिपाइन्समधील कोळी कुटुंबे या शैवलाची शेती करू लागली, त्यावर कारखाने उभे राहिले, जहाजे भरून माल युरोप-अमेरिकेकडे जाऊ लागला, तरी ज्याची शेती होत होती ते शैवल नेमके कोणते, याचे उत्तर शास्त्राच्या दप्तरात नोंदलेले नव्हते. व्यापारात ते दुसऱ्याच एका शैवलाच्या नावाने विकले जात होते, आणि आजही विकले जाते. एवढ्या उपयोगी वनस्पतीची ओळख पटण्यास इतका विलंब का लागावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा वाटेल. परंतु मन्नारच्या आखातातील प्रवाळ आणि तेथील किनाऱ्यावरील स्त्रियांची मजुरी ही दोन्ही या प्रश्नाशी बांधलेली आहेत.

तांबडेपणाचा भ्रम

प्रथम तांबड्या शैवलांविषयी थोडेसे. समुद्रातील मोठ्या शैवलांचे हिरवी, तपकिरी आणि तांबडी असे तीन वर्ग सामान्यतः मानले जातात. हार्व्ही या आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये ही रंगांवर आधारलेली विभागणी केली. त्यापूर्वी, १७५३ मध्ये, लिनिअसने आपल्या ग्रंथात समुद्रशैवलांना फ्यूकस, अल्व्हा, कॉन्फर्व्हा अशा मोजक्या प्रजातींत कोंबून बसविले होते. लिनिअसला सपुष्प वनस्पती जितक्या जवळच्या वाटत, तितकी शैवले वाटत नसावीत. फूल नाही, पुंकेसर नाहीत, मग मोजावे तरी काय, ही अडचण त्याच्या पद्धतीतच होती.

हार्व्हीची रंगाची कसोटी मोठ्या विभागांपुरती आश्चर्यकारकरीत्या खरी ठरली. कारण रंगामागे रसायन आहे. तांबड्या शैवलांत हरितद्रव्याबरोबर फायकोएरिथ्रिन नावाचे लाल रंगद्रव्य असते. पाण्यात खोलवर पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश शोषून त्याची ऊर्जा ते हरितद्रव्याकडे पोहोचविते. या वर्गाची आणखीही काही खास लक्षणे आहेत. त्यांच्या जीवनात पोहणाऱ्या, शेपूटधारी पेशी कोणत्याही अवस्थेत आढळत नाहीत. नरपेशीसुद्धा प्रवाहाबरोबर वाहत जाऊनच मादीपर्यंत पोहोचतात. शेजारच्या पेशींमध्ये विशिष्ट प्रकारचे जोड असतात. साठविलेले अन्नही नेहमीच्या पिष्टापेक्षा थोडे निराळे असते. अशा या वर्गात जगभर सुमारे ७००० जाती ओळखल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती समुद्रात राहतात.

परंतु किनाऱ्यावर उभे राहून रंगावरून जात ओळखू पाहणाऱ्याची फसगत ठरलेली. कडक उन्हात वाढलेली तांबडी शैवले पिवळट, तपकिरी, कधी चक्क हिरवी दिसतात. मेलेले तांबडे शैवल गोड्या पाण्यात ठेवले तर लाल रंग पाण्यात उतरतो आणि मागे हिरवट सांगाडा उरतो. कॅप्पाफायकसच्या शेतीत तर हिरवे, तपकिरी आणि तांबडे असे तीन रंगांचे वाण शेजारी शेजारी एकाच दोरीवर बांधलेले दिसतात. ते तिन्ही एकाच जातीचे असतात. शेतकऱ्यांना हे ठाऊक असते. गोंधळ होतो तो नवख्या अभ्यासकाचा.

आकार हा दुसरा आधार. तोही डळमळीत आहे. ज्या ठिकाणी लाटांचा मारा असतो तेथे तेच शैवल आखूड, दाट आणि चिवट होते. शांत पाण्यात ते लांब, जाड आणि ठिसूळ फांद्यांचे बनते. प्रकाश कमी-अधिक झाला, एखाद्या माशाने शेंडे खुडले, तरी फांद्या फुटण्याची तऱ्हा बदलते. आंब्याच्या झाडाला खडकावर लावा की मळईत, पान आंब्याचेच येते. समुद्रशैवलांनी अशी हमी कोणालाच दिलेली नाही.

याच कारणाने १८८३ पासून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्मिट्झ याने आणि पुढे विसाव्या शतकात स्वीडनच्या किलिनने तांबड्या शैवलांचे वर्गीकरण बाह्य रूपावरून न करता मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून करण्याचा मार्ग घालून दिला. फलन झाल्यावर मादीच्या अंगावरच एक लहानशी परोपजीवी पिढी वाढते, ती बीजुके सोडते, त्या बीजुकांतून दुसरे स्वतंत्र शैवल उगवते, ते पुन्हा चार-चारच्या गटाने बीजुके सोडते आणि त्यांतून नर-मादी शैवले येतात. अशा तीन पिढ्यांचे हे चक्र असते. फलनानंतर कोणती पेशी कोणत्या पेशीशी जोडली जाते, या बारकाव्यावर कुले आणि गण ठरविण्यात आले. अत्यंत सूक्ष्म काम. वस्तऱ्याच्या पात्याने शैवलाचे पारदर्शक काप काढावयाचे, निळ्या रंगाने ते रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बसावयाचे. ही पद्धती अनेक दशके प्रमाण मानली गेली आणि ती योग्यच होती.

एक शैवल, दोन नावे

जीवनचक्र न जाणता नाव दिले तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण येथे द्यावयास हवे. जपानी लोक जे नोरी खातात ते पॉरफिरा या तांबड्या शैवलाच्या पातळ पडद्यांपासून बनते. अलीकडे नोरीच्या जातींना निराळ्या प्रजातीत घातले आहे, तो भाग वेगळा. नोरीची शेती शतकानुशतके चालत आली होती. परंतु उन्हाळ्यात हे शैवल कोठे नाहीसे होते आणि हिवाळ्यात त्याचे बी कोठून येते, हे कोणालाच सांगता येत नसे. पीक आले तर आले, नाही तर नाही. दुसरीकडे, शिंपल्यांच्या कवचात शिरून राहणारे, गुलाबी धाग्यांसारखे एक सूक्ष्म शैवल १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये कॉन्कोसेलिस या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले होते. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर या संशोधिकेने दाखवून दिले की, ही दोन निराळी शैवले नव्हेत. कॉन्कोसेलिस ही पॉरफिराचीच एक अवस्था होय. हा शोध प्रसिद्ध होताच जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर बी तयार करण्याचे तंत्र बसविले आणि नोरीचा धंदा दैवाच्या हातून सुटून माणसाच्या हातात आला. ड्र्यू-बेकर कधीही जपानला गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. क्यूशू बेटावरील उतो येथे १९६३ मध्ये नोरी उत्पादकांनी त्यांचे स्मारक उभारले. पॉरफिराचा एक आप्त पावसाळ्याच्या दिवसांत कोकण आणि गोव्याच्या खडकांवरही उगवतो. लाटांच्या तुषारांनी भिजणाऱ्या काळ्या कातळावर जांभळट, ओल्या कागदासारखे पापुद्रे चिकटलेले दिसतात. त्यांकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

कॉटोनी की अल्वारेझी?

आता मूळ विषयाकडे वळू. स्वीडनमधील लुंड येथील जे. जी. आगार्ड या थोर शैवलशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये युक्यूमा ही प्रजाती स्थापिली. येथे प्रजाती म्हणजे अनेक जातींचा समूह आणि जात म्हणजे त्यातील एक घटक, असा अर्थ घ्यावा. आग्नेय आशियातील प्रवाळखडकांवर वाढणारी, मांसल, काटेरी किंवा गाठाळ फांद्यांची शैवले या प्रजातीत घालण्यात आली. १८९५ मध्ये श्मिट्झने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून युक्यूमा स्ट्रायाटम या जातीचे वर्णन केले. त्यानंतर डच शास्त्रज्ञ श्रीमती वेबर-व्हान बॉस यांनी, डच ईस्ट इंडीजच्या समुद्रांत १८९९-१९०० मध्ये झालेल्या सिबोगा मोहिमेच्या संग्रहांवर काम केल्यानंतर, १९१३ मध्ये युक्यूमा कॉटोनी ही जात वर्णिली. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ कॉटन यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलेले होते. कापसाशी त्याचा काही संबंध नाही, एवढे सांगून ठेवलेले बरे.

विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत कॅराजीननची मागणी वाढली. फिलिपाइन्समधील खडकांवरचे नैसर्गिक शैवल ओरबाडले जाऊन कमी होऊ लागले. तेव्हा हवाई विद्यापीठातील मॅक्सवेल डोटी यांनी फिलिपाइन्समधील सहकाऱ्यांसमवेत शैवलाची शेती करता येईल काय, याचे प्रयोग आरंभिले. जोमाने वाढणारी झुडपे निवडावयाची, त्यांचे तुकडे करून नायलॉनच्या दोऱ्यांना बांधावयाचे, त्या दोऱ्या उथळ पाण्यात खुंट्यांवर ताणावयाच्या, अशी ही साधी रीत. दक्षिणेकडील सुलू आणि तावी-तावी या बेटांच्या परिसरात १९७० च्या दशकाच्या आरंभी या शेतीने मूळ धरले. वाढ झपाट्याची, भांडवल थोडे, आणि काम घरातील स्त्रियामुलांनाही जमण्यासारखे. मासेमारी मंदावलेल्या गावांना हा मोठाच आधार झाला.

पण ज्या शैवलाची निवड झाली ते कोणते? व्यापारी मंडळींनी त्यास कॉटोनी म्हणावयास सुरुवात केली. शेतीत असणाऱ्या दुसऱ्या, काटेरी शैवलास ते स्पायनोसम म्हणत. ही दोन्ही नावे शास्त्रीय ग्रंथांतून उचललेली असली, तरी दोन्हीही बरोबर बसत नव्हती. काटेरी शैवलाचे वर्णन १७६८ मध्येच डेंटिक्युलेटस या नावाने झाले होते आणि जुन्या नावास अग्रक्रम हा नामकरणाचा नियम असल्याने स्पायनोसम हे नाव मागे पडते. खरे कॉटोनी तर शेतीतील शैवलापासून अगदी वेगळे. ते खडकाला घट्ट चिकटून, गाठाळ, चपट्या गाद्यांसारखे पसरते. दोरीला बांधून वाढविण्याजोगे त्याचे रूपच नव्हे. शेतीतील शैवल म्हणजे बोटभर जाडीच्या, गुळगुळीत, वेड्यावाकड्या फुटणाऱ्या लांब फांद्यांचे झुडूप.

डोटी यांनी हा गोंधळ दूर करण्याचे काम अखेर स्वतःच हाती घेतले. १९८५ मध्ये त्यांनी मलेशियातील साबा येथील नमुन्यावरून युक्यूमा अल्वारेझी या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. शेतीच्या उभारणीत ज्यांचा हातभार होता त्या अल्वारेझ यांच्या नावाने ही जात ओळखली जाऊ लागली. तीनच वर्षांनी, १९८८ मध्ये, त्यांनी पुढचे पाऊल टाकले. युक्यूमा प्रजातीतील ज्या जातींच्या पेशीभित्तिकांत कप्पा प्रकारचे कॅराजीनन असते, त्या त्यांनी वेगळ्या काढून कॅप्पाफायकस ही नवी प्रजाती स्थापिली. कप्पा हे ग्रीक अक्षर आणि फायकोस म्हणजे शैवल, असा हा जोडशब्द. म्हणजे वनस्पतीच्या अंगातील रसायनच प्रजातीच्या नावात येऊन बसले. नामकरणाच्या नियमांतील काही तांत्रिक अटी पूर्ण होऊन हे नाव सर्वमान्य स्वरूपात येण्यास १९९६ साल उजाडले. त्या काळी नव्या शैवलाचे वर्णन लॅटिन भाषेत देणे बंधनकारक होते. ही अट १ जानेवारी २०१२ पासून सुटली आहे.

रसायनाची कसोटी ही खरोखर उपयोगी कसोटी आहे, आणि ती का उपयोगी पडली हे समजून घेण्यासारखे आहे. शेतीतील शैवल तुकड्यांपासूनच वाढविले जात असल्याने त्यास जननेंद्रिये क्वचितच येतात. किलिनच्या पद्धतीने मादी तपासावी, तर मादी सापडतच नाही. अशा वेळी हातात उरते ते शरीर आणि त्यातील द्रव्य. कप्पा कॅराजीनन पोटॅशियमच्या सान्निध्यात घट्ट, कडक थिजते. आयोटा कॅराजीनन कॅल्शियमच्या सान्निध्यात मऊ, लवचिक थिजते. अवरक्त किरणांच्या साह्याने वाळलेल्या शैवलाचा वर्णपट काढला तर दोन्हींत ८४५ च्या आसपास एक खाच दिसते. पण ८०५ च्या आसपासची ठळक खाच फक्त आयोटात असते. युक्यूमा डेंटिक्युलेटम आयोटा देते, कॅप्पाफायकस कप्पा देते. शरीररचनाही याला दुजोरा देते. डेंटिक्युलेटमच्या फांदीवर काटे वलयाकार मांडणीत येतात आणि आडव्या कापात मध्यभागी बारीक तंतूंचा गाभा दिसतो.

तथापि कॅप्पाफायकसमधील अल्वारेझी आणि स्ट्रायाटस या दोन जाती एकमेकींपासून वेगळ्या काढताना रसायन काहीच मदत करीत नाही. दोन्ही कप्पाच देतात. स्ट्रायाटसचे झुडूप आटोपशीर, दोन-दोनने फुटणाऱ्या फांद्यांचे असते, असे ग्रंथांत म्हटलेले आहे. पण मध्यम रूपे इतकी सापडतात की, दहा अभ्यासकांपुढे एकच ढीग ठेवला तर दहा निराळे निवाडे होण्याचा संभव असतो. भारतात या शैवलाच्या लागवडीचे आरंभीचे प्रयोग सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर झाले. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये त्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात शैवलाचे नाव कॅप्पाफायकस स्ट्रायाटम असे आहे. पुढील भारतीय लेखनात मात्र लागवडीखालील शैवलाचे नाव अल्वारेझी असे येते. शैवल बदलले म्हणून नाव बदलले, की एकाच शैवलाचे नाव सुधारले गेले, हे केवळ छापील पानांवरून ठरविणे जड जाते. संग्रहालयात ठेवलेल्या वाळविलेल्या नमुन्याचे महत्त्व येथे कळते.

पेशीतील साक्षीदार

या कोंडीतून वाट काढली ती डी. एन. ए. च्या तपासणीने. २००५ मध्ये कॅनडातील गॅरी सॉन्डर्स यांनी तांबड्या शैवलांच्या ओळखीसाठी तंतुकणिकांतील एका जनुकाचा ठराविक तुकडा वापरता येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर २००६ मध्ये झुकारेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील कॅप्पाफायकस आणि युक्यूमा यांचे नमुने तपासले. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. अल्वारेझी आणि स्ट्रायाटस या खरोखरच निराळ्या जाती आहेत. जगभर शेतीत असलेले अल्वारेझी जवळजवळ एकाच जनुकीय नमुन्याचे आहे. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नैसर्गिकरीत्या वाढणारे कॅप्पाफायकस शेतीतील शैवलापासून वेगळे पडते. २०१४ मध्ये मलेशियातील संशोधकांनी शेतांतूनच आणखी एक नवी जात वेगळी काढली. शेतकरी तिला आधीपासून निराळ्या स्थानिक नावाने ओळखत होते. शास्त्रज्ञांनी तिला कॅप्पाफायकस मलेशियानस हे नाव दिले. शेतकऱ्यांच्या नजरेचा हा पुरावा लहान नव्हे.

शेतीतील सारे अल्वारेझी एकाच नमुन्याचे, हे वाक्य सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. थोड्याशा मूळ झुडपांचे तुकडे, त्यांचे तुकडे, पुन्हा त्यांचे तुकडे, असा हा विस्तार आहे. पाणी तापले किंवा क्षारता उतरली की फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. या विकाराला शेतकरी आइस-आइस म्हणतात. दुबळ्या झालेल्या फांद्यांवर जिवाणू शिरतात आणि काही दिवसांत दोऱ्या रिकाम्या होतात. सगळीकडे एकच वाण असला की, एकाला सोसवत नाही ते कोणालाच सोसवत नाही. नवे वाण हवे तर रानटी शैवलांचा शोध हवा, आणि रानटी शैवल शोधावयाचे तर ते ओळखता आले पाहिजे.

मन्नारचे आखात

सौराष्ट्रानंतर हे शैवल तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपम येथे नेण्यात आले. २००० नंतर एका मोठ्या पेयकंपनीच्या सहभागाने तेथे व्यापारी लागवड सुरू झाली आणि रामनाथपुरम जिल्ह्यातील महिलांचे बचत गट तीत उतरले. बांबूचे ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद तराफे, त्यांना बांधलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेले तुकडे. सुमारे ४५ दिवसांनी कापणी. वाळविल्यावर दहा किलो ओल्या शैवलाचे साधारण एक किलो उरते. ज्या घरांत मासळीच्या बंदीकाळात चूल पेटण्याची पंचाईत असे, त्या घरांत या वाळलेल्या शैवलाचे पैसे येऊ लागले.

मात्र २००८ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात मदुराईकडील संशोधकांचा एक लेख आला. मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ कॅप्पाफायकस अल्वारेझी तराफ्यांतून सुटून जिवंत प्रवाळांवर, विशेषतः शिंगांसारख्या फांद्यांच्या ॲक्रोपोरावर, पसरत असल्याचे त्यांनी नोंदविले. शैवलाची चादर पडली की प्रवाळांना प्रकाश मिळत नाही आणि ते मरतात. हा भाग सागरी राष्ट्रीय उद्यानाचा. हेच ते बेट, ज्याच्या वनस्पतींची नोंद शैवलशास्त्रज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९२७ मध्येच करून ठेवली होती. लागवडीचे समर्थन करणाऱ्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, हा प्रसार मर्यादित आहे, शैवल तुकड्यांवाटेच पसरते आणि हाताने वेचून ते आवरता येते. दोन्ही बाजूंच्या मनात उपजीविका आणि निसर्ग यांचा विचार आहे. मतभेद आहे तो धोक्याच्या मापाविषयी.

हे माप घेण्यासाठी आधी ओळख लागते. प्रवाळावर चढलेले शैवल परके की स्थानिक? परके असेल तर तराफ्यांवरचेच की दुसरे? हवाई बेटांवर हाच प्रश्न आधी उभा राहिला होता. १९७० च्या दशकात तेथे प्रयोगासाठी आणलेली युक्यूमा-कॅप्पाफायकस शैवले कानेओहे उपसागरात पसरली. पाण्याखालून शैवल ओढून घेणारे पंप आणि शैवल खाणारे समुद्री साळिंदर वापरून ती आवरण्याचे प्रयत्न तेथे करावे लागले. तेथेही रूपावरून जाती ओळखता येईनात, म्हणून २००९ मध्ये जनुकीय ओळखीची पद्धत बसविण्यात आली. ज्या समुद्रात शेती सुरू करावयाची, तेथील स्थानिक शैवलांची यादी आणि त्यांचे जनुकीय नमुने आधीच करून ठेवले असते तर पुष्कळसा वाद पुराव्याने मिटला असता. आपल्याकडे हे काम शेतीच्या आधी नव्हे, मागाहून आठवते.

कोकणापुढील निवड

केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशैवलांच्या लागवडीस स्थान मिळाले, आणि २०२४ मध्ये जिवंत समुद्रशैवलांच्या आयातीसाठी मार्गदर्शक सूचनाही जाहीर झाल्या. साहजिकच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही या पिकाची चर्चा होते. कोकणचा समुद्र मंडपमसारखा नाही. जून ते सप्टेंबर तराफे समुद्रात टिकणे कठीण. खाड्यांत शांतता असते, पण पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा येऊन क्षारता घसरते आणि ते या शैवलास मानवत नाही. म्हणजे हंगाम पावसाळ्यानंतरच्या महिन्यांपुरता, आणि पावसाळाभर बियाणे जगविण्याचा खर्च वेगळा. मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळही आहेत, आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

उलट, रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या कातळांवर हिप्निया ही कप्पा कॅराजीनन देणारी आणि ग्रॅसिलारिया ही अगार देणारी तांबडी शैवले स्वाभाविकपणे वाढतात. त्यांचे उत्पन्न अल्वारेझीइतके भरघोस नाही, हे मान्य. पण ती येथल्या पावसाची सवय असलेली आहेत, आणि सुटून गेली तरी आपल्याच घरी जातात. या किनाऱ्याच्या शैवलांचा पहिला मोठा अभ्यास डॅनिश शास्त्रज्ञ बॉर्गेसन यांनी केला. १९२७-२८ च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानात आले, त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर हिंडले आणि १९३० पासून पुढे त्यांनी येथील हिरव्या, तपकिरी व तांबड्या शैवलांवर लेखमाला लिहिली. तांबड्या शैवलांची आजची यादी त्यांच्या पायावर उभी आहे. मात्र त्यांतील कित्येक नावे युरोपातील किंवा अमेरिकेतील जातींची आहेत आणि ती येथील शैवलांना खरोखर लागू पडतात काय, हे एकेका नमुन्याचे डी. एन. ए. तपासूनच सांगता येईल.

हे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, मोठ्या ओहोटीला, पाणी पुरते उतरण्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोहोचावे. शैवल ओढून न तोडता बुडखा खडकापासून चाकूने सोडवून घ्यावा, कारण चिकटण्याची तऱ्हा ही ओळखीची एक खूण असते; आणि एकाच जागेवरचे सर्व उचलू नये. प्रत्येक झुडपाचे तीन भाग करावेत. एक भाग समुद्राच्या पाण्यातच पसरून जाड कागदावर दाबून वाळवावा. बहुतेक तांबडी शैवले स्वतःच्या चिकानेच कागदाला धरतात. दुसरा भाग सूक्ष्मदर्शकासाठी समुद्राच्या पाण्यातील सौम्य फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा. तिसरा, नखाएवढा तुकडा, पुसून कोरडा करून सिलिका जेलच्या पुडीत टाकावा, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या शैवलाचे डी. एन. ए. तपासणीच्या कामाचे राहत नाही. तिन्हींवर एकच क्रमांक घालावा. चिठ्ठीवर गाव, खडकाचे ठिकाण, दिनांक, भरतीच्या रेषेपासूनची उंची, शेजारी काय होते आणि जिवंतपणी शैवलाचा रंग कोणता होता, एवढे लिहावे. रंग त्याच दिवशी लिहावा. दुसऱ्या दिवशी तो उरत नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, शाई खाऱ्या पाण्यात फुटते.